सोळा दारांपलीकडे

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास मी मँचेस्टरच्या मध्यवस्तीतल्या एका कॉफीच्या दुकानात बसले होते. शेजारच्या टेबलावर तिघं जण होते. दोन मुली, एक मुलगा, वय पंचविशीच्या आत-बाहेर. मुलगा रुग्ण झाला होता. "डॉक्टर, मला नेमकं काय झालंय?" असं तो इंग्रजीत विचारत होता आणि समोरची मुलगी डोळे मिटून, हळू आवाजात उत्तर देत होती. मध्येच ती थांबली आणि मराठीत म्हणाली, "थांब, परत घेते. मी 'घाबरू नका' म्हणाले. तसं म्हणायचं नसतं."

मी मराठी आहे हे कळल्यावर ती दचकली, मग हसली. बार्शीकडची मुलगी. मुलगा यवतमाळचा, दुसरी मुलगी केरळची. तिघांची ओळख आदल्या आठवड्यातली, एका भाड्याच्या घरात सरावापुरते एकत्र राहत होते. दीड तासाने त्यांची प्लॅबच्या दुसऱ्या भागाची परीक्षा होती.

परदेशी पदवीच्या डॉक्टरला ब्रिटनमध्ये काम करायचं तर जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी लागते. आपल्याकडे जीएमसी म्हटलं की गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज आठवतं, म्हणून इथे मी तिला नुसतं कौन्सिल म्हणणार आहे. नोंदणीचा सर्वांत रुळलेला रस्ता प्लॅबचा. पहिला भाग लेखी, १८० प्रश्न, तीन तास. तो मुंबईत बसूनही देता येतो. दुसरा भाग फक्त मँचेस्टरला. तिथे सोळा खोल्या असतात. प्रत्येक खोलीच्या दारावर एक कागद, तो वाचायला दीड मिनिट, मग घंटा आणि आत आठ मिनिटं. आत रुग्ण म्हणून नट किंवा नटी बसलेली असते, कधी प्लास्टिकचा पुतळा, कधी फोन. कोणी छातीत दुखतंय म्हणून घाबरलेलं असतं, कोणी गर्भपात झाल्यावर रडत असतं, कोणी चिडलेला मुलगा आईचा रिपोर्ट मागत असतो. आठ मिनिटांत ऐकायचं, तपासायचं, सांगायचं आणि पुढच्या दारापाशी जाऊन उभं राहायचं.

या सोळा दारांची तयारी करून घेणारे क्लास आहेत, टिपणं आहेत, सरावाचे गट आहेत. गेली कित्येक वर्षं दर महिन्याला मला साताऱ्या-सांगलीकडून, लातूरहून, नागपूरहून फोन येतात आणि बहुतेक फोन याच परीक्षेबद्दल असतात. किती महिने लागतील, कोणता क्लास लावू, इंग्रजीला किती गुण लागतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "मॅडम, एकदा प्लॅब झालं की मग काय, तिकडे पीजी." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. प्लॅब आणि पीजी यांच्यामध्ये केवढी वाट आहे, हे या मुलांना निघण्याआधी कुणी सांगत नाही. हा लेख त्या मधल्या वाटेबद्दल आहे.

आधी बार्शीच्या मुलीचं ते "घाबरू नका".

मी मिरजेला शिकले. आमच्या वॉर्डात "काळजी करू नका आजी, होईल सगळं बरं" हे प्रेमाचं वाक्य होतं आणि त्यात काही खोट नव्हती. निदान वाईट असलं की थोरला मुलगा आम्हाला खोलीबाहेर बोलावून हात जोडायचा: पेशंटला सांगू नका. आम्हीही सांगायचो नाही. इंग्लंडमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी एका निवृत्त कोळ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान सांगायची वेळ माझ्यावर आली. मी सवयीने म्हणून गेले, काळजी करू नका. तो शांतपणे म्हणाला, तू काळजी कशाची ते विचारलंच नाहीस. मला मरणाची नाही, माझ्या बायकोची आहे. ती अंथरुणाला खिळली आहे, रोज सकाळी तिला मी उठवून बसवतो. पुढच्या महिन्यात तिला कोण उठवणार?

तेव्हापासून मी ते वाक्य सोडलं. त्या वाक्याने आपण समोरच्याची भीती न पाहताच तिच्यावर पांघरूण घालतो. इथे कायदाही तेच सांगतो. २००५च्या मेंटल कपॅसिटी कायद्यानुसार प्रौढ माणूस स्वतःचा निर्णय घ्यायला समर्थ आहे असं धरूनच चालायचं. २०१५मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात स्पष्ट केलं की उपचारातला कोणता धोका सांगायचा, हे त्या रुग्णाला काय महत्त्वाचं वाटेल यावर ठरतं, डॉक्टरांच्या रिवाजावर नाही. म्हणून प्लॅबची भाषेची परीक्षा फक्त इंग्रजीची नसते. आयईएल्टीएसला एकूण साडेसात आणि प्रत्येक भागात किमान सात, किंवा ओईटीला चारही भागांत बी श्रेणी. हे आपली मुलं मिळवतात. अवघड जातं ते नात्यांची रचना बदलणं. मुलाशी नव्हे, आईशी बोलायचं. कन्सल्टंटला 'सर' न म्हणता नावाने हाक मारायची आणि रात्री तीनला त्याच नावाच्या माणसाला उठवून "मला हे झेपत नाहीये, तू ये" असं सांगायचं. आपल्याकडे तसं सांगणं कमीपणाचं. इथे न सांगणं धोक्याचं धरलं जातं.

यवतमाळचा मुलगा याबाबतीत मोकळेपणाने बोलला. जिल्हा रुग्णालयात इंटर्न असताना एका रात्रीत त्याने एकट्याने जेवढे रुग्ण पाहिले, तेवढे इथला त्याच्या वयाचा डॉक्टर आठवड्यात पाहत नसेल. "मला टाके घालता येतात, बाळंतपण करता येतं. पण मला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. ते शिकायला चार महिने गेले."

कागदांची गोष्ट थोडक्यात सांगते, पण ती हलक्यात घेऊ नये. आपल्या नावांचाच इथे सर्वांत मोठा घोळ होतो. विद्यापीठाच्या पदवीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एकत्र. लग्नानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नाव बदलून घेतलं, पासपोर्टवर राहून गेलं. पदवीची पडताळणी अमेरिकेतल्या ईसीएफएमजी या संस्थेच्या एपिक नावाच्या व्यवस्थेतून होते. तिथला माणूस कुलकर्णी आणि देशपांडे ही एकच बाई आहे हे समजून घेणार नाही. त्याला कागद लागतो. इंटर्नशिप संपता-संपता सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. परीक्षेचं शुल्क भरण्याआधी हे करा, कारण एका स्पेलिंगपायी पाच-पाच महिने अडकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्यांनी बाँडची सेवाही आधी पुरी करावी. त्या वर्षातला अनुभव वाया जात नाही, उलट मुलाखतीत तोच सांगण्यासारखा असतो.

आता मूळ मुद्दा. ब्रिटनमध्ये नोंदणी म्हणजे काम करण्याचा परवाना. शिक्षण वेगळं. आपल्याकडे एमडीला प्रवेश मिळाला की जागा, पगार, शिकवणं आणि शेवटची परीक्षा एकाच गाठोड्यात येतं. इथे ते गाठोडं सुटलेलं आहे. एमबीबीएसनंतर दोन वर्षांचं फाउंडेशन, त्यानंतर विषयाप्रमाणे आणखी तीन ते आठ वर्षं, दरवर्षी प्रगतीचं परीक्षण, आणि शेवटी सीसीटी हे प्रमाणपत्र. ते मिळालं की कन्सल्टंट म्हणून अर्ज करता येतो. या साखळीतल्या जागेला ट्रेनिंग पोस्ट म्हणतात. पण त्याच वॉर्डात, त्याच पाळ्यांच्या वेळापत्रकात, तेच काम करणारा दुसरा डॉक्टर साखळीबाहेर असू शकतो. त्याला ट्रस्ट ग्रेड म्हणतात, कुठे क्लिनिकल फेलो. पगार साधारण तेवढाच, रात्रपाळ्याही तेवढ्याच. फरक एवढाच की त्याची वर्षं कुठेही मोजली जात नाहीत. गळ्यातल्या ओळखपत्रावरून हा फरक रुग्णाला कळत नाही. कित्येकदा खुद्द त्या डॉक्टरलाही वर्षभर कळत नाही, आणि घरी आई शेजारणीला सांगत असते, मुलगी लंडनला एमडी करतेय.

एमआरसीपी किंवा एमआरसीएस या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा पास होणं म्हणजेही शिक्षण पुरं होणं नव्हे. कौन्सिल या परीक्षांना नोंदणीसाठी प्लॅबऐवजी मान्यता देते, ही त्यांची मोठी सोय. भारतात एमडी करता करता ज्यांनी एमआरसीपीचे टप्पे पार केले त्यांनी प्लॅबच्या वाटेला जाऊच नये. पण साखळीतल्या जागेसाठी त्यांनाही वेगळी झटापट करावी लागते.

ही झटापट दरवर्षी दिवाळीच्या आसपासच सुरू होते. आपल्याकडे चकल्या तळल्या जात असतात तेव्हा इथे ओरिएल नावाच्या संकेतस्थळावर पुढच्या ऑगस्टमधल्या जागांचे अर्ज उघडतात. ज्यांनी इथलं फाउंडेशन केलेलं नाही त्यांना क्रेस्ट नावाचा फॉर्म लागतो. हा डॉक्टर पुढच्या शिक्षणाला तयार आहे, असं एका कन्सल्टंटने प्रत्येक कौशल्यासमोर खूण करून लिहून द्यायचं असतं, आणि त्याने त्या डॉक्टरचं काम सलग किमान तीन महिने पाहिलेलं असलं पाहिजे. भारतातले वरिष्ठही तो भरू शकतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मग एमएसआरए ही संगणकावरची परीक्षा. जनरल प्रॅक्टिस आणि मानसोपचार या विषयांची निवड पूर्णपणे तिच्या गुणांवर होते. तिचा अर्धा भाग वैद्यकीय ज्ञानाचा. उरलेल्या अर्ध्यात विचारतात की सहकारी दारू पिऊन कामावर आलाय, तुम्ही काय कराल? वरिष्ठाने चुकीचा डोस लिहिलाय, आधी कुणाला सांगाल? आपली हुशार मुलं पहिल्या भागात चमकतात आणि दुसऱ्यात घसरतात. पाठ करून हा भाग येत नाही. इथल्या वॉर्डात काही महिने वावरल्यावर येतो.

आणि गर्दी. २०२५च्या भरतीत दहा हजारांच्या आसपास जागांसाठी तीस हजारांहून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले. २०१९मध्ये ब्रिटनने सगळ्या डॉक्टरांना तुटवड्याच्या व्यवसायांच्या यादीत घातलं. तेव्हापासून बाहेरचे डॉक्टर पहिल्याच फेरीत इथल्या पदवीधरांच्या बरोबरीने अर्ज करू लागले. तो दरवाजा आता अरुंद होतो आहे. ३ जुलै २०२५ला इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा दहा वर्षांचा आराखडा आला. त्यात विशेष शिक्षणाच्या जागांसाठी ब्रिटनचे पदवीधर आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत बराच काळ काम केलेले डॉक्टर यांना प्राधान्य देण्याचं लिहिलं आहे, आणि परदेशातून होणारी भरती २०३५पर्यंत दहा टक्क्यांखाली आणण्याचंही. इथल्या तरुण डॉक्टरांचा राग मला समजतो; त्यांच्यातले कितीतरी पाच वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन बेकार बसले आहेत. पण बार्शीच्या मुलीने प्लॅबचा पहिला भाग दिला तेव्हा नियम वेगळे होते. ती सोळाव्या दारातून बाहेर येईल तेव्हा तिच्यासमोर दुसराच देश असेल.

हे पहिल्यांदा होत नाहीये. ब्रिटनच्या दरवाजाची उघडझाप हा आपल्या वैद्यकीय इतिहासाचाच भाग आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५चं, आणि कौन्सिल १८५८च्या कायद्याने जन्मलेली. म्हणजे कॉलेज कौन्सिलहून जुनं. तरीही १९३०मध्ये, प्रसूतिशास्त्राचं शिक्षण पुरेसं नाही या वादातून, कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्या धक्क्यातून १९३३चा भारतीय वैद्यक परिषद कायदा झाला आणि आपली स्वतःची परिषद उभी राहिली. मान्यता पुढे परत मिळाली, १९७५मध्ये पुन्हा गेली, आणि त्याच वर्षी प्लॅबची पूर्वज असलेली परीक्षा सुरू झाली.

मधल्या काळात ५ जुलै १९४८ला एनएचएस जन्माला आली आणि तिला माणसं कमी पडू लागली. आपले डॉक्टर आले, पण त्यांना जे हवं होतं ते मिळालं नाही. शस्त्रक्रिया आणि हृदयरोग यांच्या नामांकित रुग्णालयांतल्या जागा इथल्या मुलांना. आपल्या लोकांना मनोरुग्णालयं, वेल्समधल्या खाणींच्या गावांतले दवाखाने आणि म्हाताऱ्यांचे वॉर्ड. वृद्धवैद्यक हा विषय सुरू केला मार्जरी वॉरेन या इंग्रज बाईंनी. १९३५मध्ये वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाच्या ताब्यात एका जुन्या गरीबखान्याच्या दवाखान्यातले शेकडो अंथरुणाला खिळलेले रुग्ण आले. बाईंनी त्यांना एकेक करून तपासलं, उठवलं, चालवलं आणि कित्येकांना घरी धाडलं. पण त्यांनी दाखवलेल्या वाटेने चालायला पुढच्या पिढीतले इंग्रज डॉक्टर फारसे तयार नव्हते. तो विषय देशभर गावोगावी उभा केला त्यात भारत, पाकिस्तान, श्रीलंकेहून आलेल्या डॉक्टरांचा वाटा फार मोठा आहे. नको असलेल्या जागी ढकललेल्या माणसांनी तिथे एक शास्त्र नांदतं केलं. मी त्याच विषयातली, त्यामुळे हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

माझी स्वतःची गोष्ट या दोन्हींच्या मधली. मी १९९६ला आले. तेव्हा नोकऱ्यांच्या जाहिराती ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या पुरवणीत छापून यायच्या. सार्वजनिक वाचनालयात बसून त्या उतरवायच्या, अर्ज पोस्टाने पाठवायचे, नकारही पोस्टाने यायचा. त्र्याऐंशी अर्जांनंतर सहा महिन्यांची नोकरी लागली, समुद्रकाठच्या एका छोट्या गावात, म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. मग पुढचे सहा महिने, मग पुढचे. आम्हा परदेशी डॉक्टरांची नोंदणीही तेव्हा मर्यादित असायची, ती त्या-त्या नोकरीला बांधलेली. त्याच काळात रजिस्ट्रारच्या शिक्षणाची नवी व्यवस्था आली, प्रत्येकाला राष्ट्रीय क्रमांक मिळू लागला. मी चार वेळा मुलाखतीला गेले. चौथ्या वेळी पॅनेलमधल्या एकाने बाहेर येऊन समजुतीच्या सुरात सांगितलं की तुझं काम उत्तम आहे, पण ही जागा अशा कुणासाठी आहे ज्याला इथे भविष्य आहे. त्या रुग्णालयाचं नाव मी घेणार नाही. त्या दिवशी मी गाडी गाठली नाही, स्टेशनच्या बाकावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

मी स्टाफ ग्रेड झाले, म्हणजे साखळीबाहेरची, आणि तशीच बरीच वर्षं काढली. २००५पासून एक वेगळी सोय झाली: औपचारिक शिक्षण न घेताही, तेवढंच ज्ञान आणि अनुभव असल्याचे पुरावे देऊन तज्ज्ञांच्या नोंदवहीत जाता येतं. माझा अर्ज नऊशे पानांच्या घरात गेला. प्रत्येक पानावर रुग्णाचं नाव खोडायचं होतं. नवरा आणि मुलगी रात्र-रात्र काळा मार्कर घेऊन बसायचे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला वाटायचं आईचं काम म्हणजे नावं पुसणं. या वाटेला आज पोर्टफोलिओ पाथवे म्हणतात, आणि २०२३च्या नोव्हेंबरपासून तिचे निकष थोडे माणुसकीचे झाले आहेत. प्रत्येक तपशिलात अभ्यासक्रमाशी बरोबरी दाखवण्याऐवजी कन्सल्टंटला लागणारं ज्ञान, कौशल्य आणि अनुभव दाखवायचा.

म्हणून साखळीबाहेरची नोकरी लागलेल्या प्रत्येकाला मी सांगते, पहिल्या दिवसापासून पुरावे जमवा. केलेली प्रक्रिया, चालवलेला राउंड, शिकवलेला तास, केलेलं ऑडिट, रुग्णाचं आभाराचं पत्र. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक पोर्टफोलिओ असतो, तो मागून घ्या. नोकरी स्वीकारताना तोंडी विचारू नका, लेखी विचारा: माझा एज्युकेशनल सुपरवायझर कोण, शिकण्यासाठी रजा आणि पैसे किती, ट्रेनिंगवाल्यांच्या तासांना मला बसता येईल का, वर्षअखेर माझं मूल्यमापन कोण करणार. ज्या ठिकाणी या प्रश्नांनी कपाळाला आठ्या पडतात तिथे जाऊ नका. पहिली नोकरी हातची जाईल या भीतीने मुलं विचारत नाहीत. मीही विचारलं नव्हतं.

२००६चा एप्रिल आमच्या पिढीच्या कुणालाच विसरता येणार नाही. तोवर परदेशी डॉक्टरांना शिक्षणासाठी वेगळा कामाचा परवाना लागत नसे. ती सवलत सरकारने एकाएकी काढून घेतली. पूर्व लंडनच्या ईस्ट हॅम भागात प्लॅब झालेली मुलं एकेका खोलीत सहा-सहा, आठ-आठ जण राहत होती. त्यांच्यातले कित्येक जण तिथल्या देवळातल्या प्रसादाच्या जेवणावर दिवस काढत होते. आम्ही काही जणी शनिवारी तांदूळ, डाळ, लोणचं घेऊन जायचो. एका मुलाने डब्यातली पुरणपोळी बघून तोंड फिरवलं होतं, ते अजून डोळ्यांसमोर येतं. ब्रिटिश असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियन ओरिजिन ही १९९६मध्ये स्थापन झालेली संघटना या प्रकरणी कोर्टात गेली. ३० एप्रिल २००८ला हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला: हायली स्किल्ड मायग्रंट व्हिसावरच्या डॉक्टरांना मागे ठेवण्याची आरोग्य खात्याची सूचना बेकायदा होती. निकाल आला तोवर ईस्ट हॅममधल्या त्या खोल्या बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या.

मग आज काय करावं? ज्यांचं भारतात एमडी किंवा एमएस झालं आहे आणि दोन वर्षं बाहेर काही नेमकं शिकून परत यायचं आहे, त्यांच्यासाठी मला सर्वांत स्वच्छ वाट मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्हची वाटते. तिथे रॉयल कॉलेज पुरस्कार करतं, प्लॅब लागत नाही, इंग्रजीची परीक्षा मात्र लागते. व्हिसा जास्तीत जास्त चोवीस महिन्यांचा. रांग लांब असते आणि शेवटी परत जावंच लागतं, हे दोन्ही गृहीत धरायचं. माझ्या वॉर्डात या वाटेने आलेली कोकणातली एक डॉक्टर पडण्याच्या तक्रारींचं क्लिनिक कसं चालवतात ते शिकली. आता तिच्या गावी ती मंगळवारी म्हाताऱ्यांना खुर्चीतून उठायला लावून घड्याळ लावते. मला तिचे फोटो येतात.

नुसतं एमबीबीएस झालेल्यांना मी आज सांगते की नीट-पीजी परीक्षेला पाठ फिरवून इकडे येऊ नका. दोन लाखांहून अधिक मुलं ती परीक्षा देतात, निराश व्हायला होतं, हे मान्य. पण ब्रिटनच्या साखळीत शिरणं तिच्याहून सोपं राहिलेलं नाही, आणि इथे वाट पाहायची तर पौंडांत पाहावी लागते. प्लॅबच्या दुसऱ्या भागाचं शुल्कच सुमारे हजार पौंड, म्हणजे लाखाच्या वर. बार्शीच्या मुलीने हिशेब वहीत मांडला होता: सगळं मिळून पाच लाख, त्यातले तीन वडिलांनी द्राक्षबागेवर उचललेले. प्लॅब झाल्यावर नोकरी लागेपर्यंत पुष्कळ जण क्लिनिकल अटॅचमेंट करतात, म्हणजे बिनपगारी नुसतं बघत राहायचं, रुग्णाला हात लावायचा नाही. महिना-दीड महिना ठीक, त्यापुढे ते माणसाला पोखरतं. आणि पैसे घेऊन अटॅचमेंट मिळवून देणारे, मुलाखतीची उत्तरं लिहून देणारे दलाल आता पुण्यातही आहेत. त्यांच्यापासून दूर राहा. लिहून दिलेलं उत्तर मुलाखतीत पहिल्या मिनिटाला ओळखू येतं. अशा उत्तरांमागे लपलेल्या चांगल्या मुलांना नाकारताना मला फार वाईट वाटलं आहे.

दुसरे देशही स्थिर नाहीत. अमेरिकेत रेसिडेन्सी मिळाली की शिक्षणाची साखळी पहिल्या दिवसापासून सुरू होते, हा तिथला मोठा गुण. पण १९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेने नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लावलं, आणि जे-वनवर गेलेल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असतेच. जर्मनीला जायचं तर भाषेला दीड-दोन वर्षं मनापासून द्यायची तयारी हवी.

एक गोष्ट आई-वडिलांसाठीही लिहिते. २०१९मध्ये कौन्सिलने करवून घेतलेल्या एका पाहणीत दिसलं की परदेशी पदवीच्या डॉक्टरांविरुद्ध रुग्णालयं कौन्सिलकडे तक्रार करतात ते प्रमाण इथल्या पदवीधरांच्या अडीचपट आहे. पाहणी करणाऱ्यांनी कारणं शोधली तेव्हा ती अज्ञानात सापडली नाहीत. नीट ओळख करून न देता कामाला जुंपणं, चुकलं तर वेळेवर तोंडावर न सांगणं, एकटं पाडणं, ही ती कारणं. फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्या मुलीला दुसरा प्रश्न विचारा. जेवायला कुणाबरोबर बसतेस, हा विचारा.

बार्शीची मुलगी पास झाली. तिला अजून नोकरी नाही. आठवड्यातून एकदा फोन करते.

या आठवड्यात माझ्यासमोर दुसऱ्याच एका मुलीचा क्रेस्ट फॉर्म आहे. ती आमच्याच रुग्णालयात साखळीबाहेरची डॉक्टर, परभणीची, चौदा महिने झाले. मी सगळ्या रकान्यांत खुणा केल्या, एका जागी थांबले. आजारी माणसाच्या भोवती जमलेल्या चार जणांचं नेतृत्व करताना मी तिला पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्यावर मी सही करत नाही, हे तिला सांगितलं. तिचा चेहरा पडला, पण तिने वाद घातला नाही. "मग शुक्रवारी रात्री तुम्ही ऑन-कॉल आहात," ती म्हणाली. "मीही आहे."

शुक्रवारच्या त्या रात्री, पहाटे पावणेचारला, सहाव्या वॉर्डात एका आजोबांचा रक्तदाब कोसळला. मी गेले तेव्हा ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, हात मागे बांधून, जशी नेतृत्व करणाऱ्याने उभं राहायची पद्धत आहे तशी. नर्सला तिच्या नावाने सांगितलं, ज्युनिअरला त्याच्या नावाने. मग माझ्याकडे वळून, माझं पहिलं नाव घेऊन म्हणाली की तू आजोबांच्या मुलीला फोन लाव, मला इथून हलता येणार नाही.

मी फोन लावायला गेले.